अनुभव धागा: वर्गाला होडीत बसवण्याआधी

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आमच्या सातवीच्या 42 मुलांना ऐरोलीहून ठाणे खाडीत होडीने न्यायचं ठरतंय. 2022 मध्ये खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, तेव्हापासून मुख्याध्यापकांनी हे डोक्यात घेतलंय. रोहित पक्षी (फ्लेमिंगो), खारफुटीची श्वसनमुळं, चिखलात राहणारे निवट्या मासे, सगळं फळ्यावर शिकवून झालं. बसची सहल मी डोळे मिटून नेईन, पाणी म्हटलं की पोटात गोळा येतो. परवानगीपत्रं आणि प्रथमोपचाराची पेटी मला ठाऊक आहे, ते नको. निघण्याआधी वर्गात काय करून घेतलंत आणि काय फसलं, ते लिहा.

निवृत्त बाई, दादर
घारापुरीला नऊ वेळा वर्ग नेला. पहिल्यांदा तर सोमवार ठरवून बसले होते. लेणी सोमवारी बंद असतात हे आमच्या शिपायाने सांगितलं म्हणून अब्रू वाचली. गेटवेहून लाँचला तासभर लागतो. अर्ध्या वाटेत कुणीतरी ‘डॉल्फिन!’ ओरडलं आणि अख्खी पाचवी एका कठड्याला. लाँच कलली. तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा, आमच्यावर खेकसला, आणि बरोबरच होतं त्याचं.

पुढच्या वर्षी पटांगणात फक्कीने लाँच आखली. खऱ्या मापाची, बाकांच्या जागांसकट. रोज मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं मुलं त्यात बसायची आणि मी अचानक ओरडायचे, ‘डावीकडे मासा!’ जो उठेल तो बाद. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग बाद. चौथ्या दिवशी एकही नाही. पण एका मुलीने विचारलं, “बाई, मग डावीकडचं बघायचं कधी?” मी गप्प. शेवटी ठरलं, बसल्या जागी मान वळवायची, आणि येताना बाजू बदलून बसायचं. ‘उठू नका’ एवढंच सांगून मुलं ऐकत नाहीत हो, बघायची सोय आधी करून द्यावी लागते.

तांडेलाचा झील, मालवण
सिंधुदुर्ग किल्ल्यात जाऊक पंधरा मिन्टां पण लागनत नाय. घोळ होता तो चढताना-उतरताना. होडी लाटेबरोबर वर येता, तेव्हाच पाय टाकूचो. हात हातात द्यायचो नाय, मनगट धरूचा, बोटां निसटतत. आणि मागच्यान ढकलूचा नाय. ह्या शाळेच्या पायरीवर शिकवून आणा, आमचो अर्धो त्रास कमी.

एक आई, पुणे
पालक म्हणून भिगवणला सोबत गेले होते. बोट लागते म्हणून अर्ध्या मुलांना घरून उपाशी पाठवलं होतं, उरलेल्यांनी वाटेत वडे हाणले. दोघांनाही बोट लागलीच. थोडं कोरडं खाणं आणि खिशात आलेपाक, एवढं पुरतं. एक गोष्ट कुणी बोलत नाही. होडीत शौचालय नसतं, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि उन्हात चक्कर येते. मुलींना वेगळं बसवून सांगा, शेवटचं शौचालय कुठे आहे, तिथे किती वेळ थांबू, आणि ‘त्या दिवसांत’ असाल तर काय करायचं.

परत फिरलेला मास्तर
आमच्या धक्क्यावरच्या जॅकेटांचे बक्कल तुटलेले होते आणि सगळी मोठ्यांच्या मापाची. तीस किलोच्या पोराच्या अंगात ते पाण्यात कानापर्यंत वर येतं. मी होडीत चढवलंच नाही. दोन मुलं रडली, एक पालक चिडले. दिवसभर किनाऱ्यावरच खेकड्यांची बिळं मोजली. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बऱ्याच मुलांना जॅकेटच नव्हती. ती बातमी वाचल्यापासून मी आठवडाभर आधी स्वतः धक्क्यावर जाऊन जॅकेटं बघतो. एक-दोन मागून वर्गात आणतो, प्रत्येकाला घालायला लावतो आणि खांद्यांपाशी धरून वर ओढून बघतो. हनुवटीला लागलं तर माप चुकलं.

गणिताचे सर, अलिबाग
आम्ही तयारी पाऊणकीने केली. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, कोळी लोकांचा जुना हिशेब. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. मुलांनीच कॅलेंडर बघून चतुर्थी निवडली. जाताना पायी, येताना होडीने! छापील तक्त्याशी फरक पंधरा-वीस मिनिटांचा निघाला, त्यावर तास रंगला तो वेगळाच. अर्थात निघायचं ते तक्ता बघून आणि होडीवाल्याला विचारूनच. तुमच्या खाडीतही वेळ पाणीच ठरवणार. पाणी कमी तर होडी चिखलात, फार भरलं तर चिखलपट्टे बुडतात आणि पक्षी उठून जातात.

न्यूयॉर्कहून
इथे हडसन नदीवर ‘क्लिअरवॉटर’ नावाची शिडाची नौका आहे, लोकगायक पीट सीगर यांच्या पुढाकाराने 1969 मध्ये पाण्यात उतरलेली. मुलाच्या वर्गाबरोबर मदतनीस म्हणून गेले. शीड मुलांनीच दोर ओढून चढवलं. त्यासाठी शाळेत आधी रस्सीखेचीच्या दोराने एका तालात ओढायचा सराव झाला होता, आणि ‘थांब’ म्हटलं की थांबायचा. हडसनमध्ये भरती ट्रॉय शहरापर्यंत, समुद्रापासून कितीतरी आत जाणवते. मला आपली खाडीच आठवली. सगळ्यात अवघड तयारी मात्र एक मिनिट गप्प बसण्याची. नौकेवर तसा एक क्षण असतो. वर्गात दहा सेकंदांपासून सुरुवात केली होती म्हणे.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. आज पटांगणात फक्कीची होडी आखली आणि ‘उजवीकडे रोहित!’ म्हणून ओरडले. मुलांपैकी 17 बाद. पण सगळ्यांत आधी उठले ते आमचे पीटीचे सर. त्यांना उद्या परत बसवणार आहे.