मंजिष्ठेचा रंग हातसुतावर डागाडागांनी का चढतो?

आजीचा_चरखा (इंदूर)

नमस्कार. मी इंदूरला सुदामानगरात राहते आणि गेल्या दिवाळीपासून आजीच्या पेटीचरख्यावर सूत कातते आहे. आजी गेल्यानंतर हा चरखा कित्येक वर्षे माळ्यावर पडून होता. त्याची माळ बदलली, चातीला (सूत ज्यावर कातले जाते त्या टोकदार सळईला) तेल दिले आणि खरगोनजवळ शेती करणाऱ्या मावसभावाने पाठवलेल्या कापसाची सरकी हाताने काढून, रुई पिंजून घेऊन पेळू, म्हणजे कातायच्या सैल वाती, केले. आतापर्यंत नऊ गुंड्या झाल्या आहेत. गुंडी, म्हणजे सुताची लड, मी हजार मीटरची धरते. ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर साधारण ४२ ग्रॅम भरते.

लेकीकडे बाळ येणार आहे आणि त्याच्या दुपट्यासाठी हे सूत वापरायचे असे मी ठरवले आहे. महेश्वरचे एक विणकर आडवा धागा माझा घेऊन विणून द्यायला तयार आहेत. दुपटे लाल हवे आणि रंग झाडपाल्याचाच हवा, म्हणून सियागंज बाजारातून मंजिष्ठ (लाल रंग देणारी मुळे) आणि तुरटी आणली. एक गुंडी गरम पाण्यात साबण घालून दहा मिनिटे धुतली, तासभर तुरटीच्या पाण्यात ठेवली आणि मग मंजिष्ठेच्या काढ्यात घालून चांगली खळखळून उकळली. बाहेर काढली तेव्हा ती मूळच्या अपेक्षेच्या निम्मीही लाल नव्हती. फिकट विटकरी रंग, मध्ये मध्ये गडद पट्टे आणि जिथे दोऱ्याने बांधले होते तिथे चार पांढरी कडी. पहिल्याच धुण्यात पाणी गुलाबी झाले. काढताना गुंतलेले सूत सोडवण्यात सारी दुपार गेली ती वेगळीच.

उकळल्यामुळे रंग बिघडला असे एका ओळखीच्या बाईंचे मत आहे. आमच्याकडे बोअरिंगचे पाणी येते, दोष त्याचा आहे का? की माझ्या कातण्याचाच? उरलेल्या आठ गुंड्या वाया जाऊ नयेत, म्हणून हात लावण्याआधी विचारते आहे.

माळवीकाकू

ताई, आधी धीर धरा, कारण ती पहिली गुंडीसुद्धा वाया गेलेली नाही. मी रामबागेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर बरीच वर्षे सूत रंगवते आहे आणि आपण सांगितलेल्या हकिगतीत मला दोष रंगाच्या पातेल्यात दिसत नाही, त्याच्या आधीच्या दोन पायऱ्यांत दिसतो.

कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो. गिरणीच्या सुतावरचा हा थर कारखान्यातच काढलेला असू शकतो. आपण घरी कातलेल्या सुतावर मात्र तो जसाच्या तसा असतो आणि दहा मिनिटांच्या साबणाने तो हलत नाही. तो जिथे राहिला तिथे पाणीच आत शिरत नाही, मग तुरटी आणि रंग कुठून शिरणार? सुक्या, कोऱ्या गुंडीवर बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा. तो मोत्यासारखा वर बसून राहील. शंभर ग्रॅम सुताला पाच ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण घेऊन, सूत पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात दोन तास मंद आचेवर ठेवले की ते पाणी चहासारखे पिवळट तपकिरी होते. पाणी फार गढूळ झाले तर ते ओतून देऊन पुन्हा एकदा तसेच करावे. त्यानंतर तोच थेंब टाका. तो टेकताक्षणी आत जिरला पाहिजे. तो जिरेपर्यंत पुढची पायरी घेऊ नये, एवढे एक पथ्य मी कधी मोडत नाही.

दुसरे म्हणजे तुरटी एकटी सुताला नीट धरत नाही. लोकरीला आणि रेशमाला ती धरते, कारण ते प्राण्यांपासून मिळणारे तंतू आहेत. कापसाला मध्ये तुरट द्रव्याचा दुवा लागतो आणि आपल्याकडे ते काम पिढ्यान्‌पिढ्या हिरडा करत आला आहे. शंभर ग्रॅम सुताला वीस ग्रॅम हिरड्याची भुकटी गरम पाण्यात भिजवून, गाळून, त्यात सूत रात्रभर ठेवावे आणि न धुता, फक्त पिळून सावलीत वाळवावे. सूत लोण्याच्या रंगाचे झालेले दिसेल. मग पंधरा ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात दोन ग्रॅम धुण्याचा सोडा चिमटीचिमटीने घालावा. पाणी फसफसते, म्हणून भांडे मोठे घ्यावे. या पाण्यात पुन्हा एक रात्र. हे सगळे झाल्यावर मंजिष्ठ सुताच्या वजनाइतकी, आदल्या दिवशी भिजत घातलेली.

उकळण्याबद्दल आपल्या ओळखीच्या बाईंशी मी सहमत नाही. परदेशी पुस्तकांत मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांना फार तापवू नये असे लिहिलेले असते, पण ती तिकडच्या झाडाची गोष्ट आहे. त्यात अलिझरीन हे लाल रंगद्रव्य भरपूर असते. आपल्या मंजिष्ठेत ते थोडे आणि पर्प्युरिन व मंजिष्ठिन ही दुसरी रंगद्रव्ये जास्त, म्हणून आपला लाल मुळातच थोडा नारिंगीकडे झुकतो. शिवाय इथून फार लांब नसलेल्या धार जिल्ह्यातल्या बाघ गावी छापलेले कापड अलिझरीन आणि धावडीची फुले घातलेल्या तांब्याच्या मोठ्या भांड्यांत उकळूनच लाल करतात. तेव्हा उकळणे हा अपराध नव्हे. कोमट पाण्यापासून सुरुवात करून तासाभरात हळूहळू तापमान वाढवावे, एवढेच सांभाळायचे. रंग एकदम गरम मिळाला की सुताचा बाहेरचा भाग तो आधी ओढून घेतो आणि पट्टे पडतात.

आपली बिघडलेली गुंडी सोड्याच्या पाण्यात दोन तास ठेवा. न धरलेला रंग निघून जाईल आणि तिच्यावर पुन्हा हिरड्यापासून सगळे करता येईल.

चाती_पेळू

काकूंनी रंगाचे सांगितले, मी कातण्याचे आणि गुंडीचे सांगतो, कारण डागांपैकी निदान अर्धे तिथून आलेले असावेत.

हातसुतात जाड आणि बारीक जागा असणारच. पीळ नेहमी बारीक जागेकडे धावतो. त्यामुळे बारीक जागा घट्ट वळली जाते आणि जाड जागा सैल राहते. सैल जागा रंग पिते, घट्ट जागा कमी पिते. ताईंची गुंडी ४२ ग्रॅमची आहे म्हणजे सुताचा मेट्रिक अंक (एका ग्रॅममध्ये किती मीटर सूत; अंक मोठा तितके सूत बारीक) सुमारे २४, गिरणीच्या इंग्रजी मोजणीत १४ च्या आसपास. वर्षभरही न कातलेल्या हाताला हा अंक उत्तम आहे, पण याहून बारीक कातण्याच्या मोहात एवढ्यात पडू नये. आडव्या धाग्याला पीळ थोडा कमी असला तरी चालतो आणि दुपटे त्याने मऊच होईल. पेळू ओढताना मागचा हात एकसारख्या वेगाने मागे नेणे आणि जाड जागा दिसली की चाती थांबवून तेवढाच भाग पुन्हा ओढून घेणे, या दोन गोष्टींनी फरक पडतो.

पांढरी कडी मात्र सरळ बांधणीची आहेत. राजस्थान-गुजरातेत बांधणीचे कापड ज्या तत्त्वाने होते त्याच तत्त्वाने आपली गुंडी रंगली! गुंडी फाळक्यावरून (सूत गुंडाळायच्या चौकटीवरून) उतरवण्याआधी निदान चार ठिकाणी बांधावी, प्रत्येक बांधणीत दोरा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा धाग्यांमधून आत-बाहेर न्यावा आणि आपले बोट सहज जाईल इतका सैल ठेवावा. मग सूत गुंतत नाही आणि पांढरे राहत नाही. पातेल्यात काठीने ढवळू नये. गुंडी दोन गुळगुळीत दांड्यांवर लटकवून दर पाच मिनिटांनी तिची जागा फिरवावी. रंगवण्याआधी ओल्या गुंडीला खालून हलके वजन लावून वाळवली की पीळ बसतो आणि सूत स्वतःभोवती वेटोळी घेत नाही.

निमाडकर

बोअरिंगच्या पाण्याबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. आपल्याकडच्या काळ्या खडकातले पाणी बहुधा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट साबणाची चिकट साय सुतावर बसते आणि ताईंच्या पहिल्या गुंडीवर कदाचित तीही बसलेली असेल. तेव्हा सोड्याने धुताना आणि हिरड्याला नर्मदेचे नळाचे पाणी किंवा साठवलेले पावसाचे पाणी घ्यावे.

पण मंजिष्ठेच्या पातेल्याला जड पाणी शत्रू नाही. कॅल्शियममुळे तिचा लाल अधिक खुलतो. मऊ पाणी वापरणारे लोक मुद्दाम चिमूटभर खडूची पूड घालतात. माझ्या अनुभवात खरा धोका लोखंडाचा आहे. पाण्याच्या जुन्या गंजक्या टाकीतून किंवा लोखंडी कढईतून थोडे जरी लोह आले तरी हिरड्याशी मिळून ते करडे-काळे होते आणि लाल मळकट दिसू लागतो. टाकीच्या पाण्यात थोडे हिरड्याचे पाणी टाकून पाहा, ते जांभळट काळे पडले तर ते पाणी लाल रंगासाठी वापरू नये. भांडे स्टीलचे आणि रंगापुरते वेगळे ठेवलेले असावे.

लाल रंग माळव्याला नवा नाही, हेही सांगावेसे वाटते. या भागात पूर्वी आल नावाच्या झाडाची शेती होत असे; त्याच्या मुळांतून कापडाला लाल मिळे. १८६८ मध्ये जर्मनीत अलिझरीन कृत्रिम रीतीने बनवण्यात यश आले आणि त्यानंतर ती शेती हळूहळू संपली. आपण सियागंजातून मंजिष्ठ आणून घरी लाल करता आहात, याचा मला मनापासून आनंद झाला.

माळवीकाकू

निमाडकरांचे पाण्याबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. मी सरसकट नळाचे पाणी वापरते, त्यामुळे हा फरक मी कधी पडताळला नव्हता. पुढची मंजिष्ठ खडूची पूड घालून करून पाहीन.

आजीचा_चरखा

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. दहा दिवस घेऊन दोन गुंड्या केल्या, एक नवी आणि एक ती बिघडलेली. थेंबाची चाचणी केली तेव्हा डोळे उघडले: कोऱ्या सुतावर थेंब कितीतरी वेळ तसाच थांबला आणि सोड्याच्या दुसऱ्या पाण्यानंतर बोट उचलायच्या आत नाहीसा झाला. पहिले पाणी खरोखरच कोऱ्या चहासारखे निघाले. बोअरिंगच्या पाण्यात हिरडा टाकला तर ते काळवंडले नाही, म्हणून मंजिष्ठ त्याच पाण्यात केली. नवी गुंडी पिकल्या बोरासारखी लाल आली. जुनी थोडी गडद आहे, पण पट्टे जवळजवळ गेले. दोन्ही गुंड्यांचा रंग मात्र एकसारखा नाही. आठही एकसारख्या कशा आणाव्या?

चाती_पेळू

त्या तंतोतंत एकसारख्या येणार नाहीत, आणि आणण्याची गरजही नाही. सुमारे नव्वद सेंटिमीटरच्या चौरस दुपट्याला, दर सेंटिमीटरला वीस आडवे धागे धरले, तर अठराशे धागे होतात आणि त्यांना सतराशे मीटरच्या आसपास सूत लागते. फुटतूट धरून दोन गुंड्या पुरतात. विणकरांना सांगून दोन्ही गुंड्यांच्या कांड्या वेगळ्या भरून घ्या आणि दोन धोटे (आडवा धागा इकडून तिकडे नेणारी साधने) आलटून पालटून चालवायला सांगा, म्हणजे कुठेही एका रंगाचा पट्टा वेगळा दिसणार नाही. उभा धागा त्यांच्याकडचा गिरणीचाच राहू द्या. हातसूत ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यात, घ्यायचे तर खळ (पेजेसारखा लेप) नीट चढवावी लागते आणि पहिल्या दुपट्याला तो धोका नको.

गुंड्या पाठवण्याआधी त्यांतला वीतभर धागा पुठ्ठ्यावर गुंडाळून, अर्धा भाग झाकून, दोन आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवा, आणि दुसरा तुकडा पांढऱ्या कापडाला टाचून बाळाचे कपडे ज्या साबणाने धुणार त्याच साबणाने धुऊन पाहा. पांढऱ्या कापडावर रंग उतरला नाही तर सूत निर्धास्तपणे महेश्वरला पाठवावे.