विषय: उजेडावर फिरणारा पंखा – खानापूरच्या शाळेसाठी

विनायक, खानापूर:

सर्वांना नमस्कार. दसऱ्याच्या सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांकडून उजेड पडला की फिरणारा पंखा करून घ्यायचा आहे. मंडळानं पाठवलेल्या सामानातून जोडलंय ते असं: चार पेन्सिल सेल म्हणजे ६ व्होल्ट, एलडीआर (उजेड पडला की ज्याचा रोध कमी होतो तो भाग), १० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करायचा रोध), बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (छोट्या प्रवाहानं मोठा प्रवाह चालू-बंद करणारा) आणि खेळण्यातली मोटर. अंधारात मोटर बंद राहते, ते बरोबर. पण टॉर्च मारला तर नुसती गुणगुणते, पात्याला बोट लावलं तरच फिरते. ट्रान्झिस्टर चटका बसेल इतका तापतो. मोटर थेट सेलला लावली तर झकास फिरते की. एलडीआर बदलून बघू काय?

मेधा, मस्कत:

विनायक, एलडीआरला हात लावू नका, तो त्याचं काम करतोय. अडचण ट्रान्झिस्टरची आहे. बीसी ५४७ ची प्रवाहाची मर्यादा १०० मिलिअँपिअर. पातं लावलेली मोटर फिरतानाच त्याहून जास्त घेते, आणि थांबलेल्या स्थितीतून उठताना तर कितीतरी पट. म्हणून बोटाचा धक्का लागतो.

टीआयपी १२२ हा जास्त प्रवाह झेलणारा ट्रान्झिस्टर वापरा. पायांचा क्रम मात्र वेगळा आहे, मुलं हमखास जुन्याच भोकांत खोचतील. छापील बाजू समोर, पाय खाली धरले तर डावीकडून बेस (चालू-बंद करणारा पाय), कलेक्टर (प्रवाह आत येतो तो), एमिटर (बाहेर जातो तो). बीसी ५४७ मध्ये सपाट बाजू समोर धरली की कलेक्टर, बेस, एमिटर. टीआयपीच्या पाठीचा पत्रा आतून कलेक्टरलाच जोडलेला असतो, तो दुसऱ्या तारेला टेकू देऊ नका.

जोडणी: धन टोकापासून एलडीआर, तिथून प्रीसेट आणि त्याच्या ओळीत १ किलोओहमचा रोध, मग ऋण टोक. हा १ किलोओहम नसेल आणि कुणी प्रीसेट शून्यावर फिरवून एलडीआर उन्हात धरला, तर एलडीआर जळेल. एलडीआर-प्रीसेटच्या सांध्यावरून आणखी एक १ किलोओहम बेसला. एमिटर ऋणाला, मोटर धन आणि कलेक्टरच्या मध्ये. मोटरच्या दोन टोकांवर १एन ४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेनं जाऊ देणारा), चंदेरी पट्टी धनाकडे. प्रवाह तुटताना मोटरच्या गुंडाळीतून उलटा झटका येतो, तो ट्रान्झिस्टरवर न जाता डायोडमधून फिरतो. पट्टी उलटी लागली तर मोटर ढिम्म आणि सेल गरम.

मल्टिमीटर मुलांच्याच हातात द्या. बेस-एमिटरमध्ये साधारण १.४ व्होल्ट आले की मोटर जागी होते. साध्या ट्रान्झिस्टरला ०.७ लागतात, टीआयपीच्या पोटात दोन ट्रान्झिस्टर आहेत.

अनंत, बेळगाव:

मेधाताईंच्या जोडणीत भर घालतो. टीआयपी १२२ स्वतःसाठी पाऊण ते एक व्होल्ट खातो, तेव्हा दोनच सेलवर हे करू नका, मोटरच्या वाट्याला दोन व्होल्ट येतील. आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी अजिबात नको. मोटर उठताना बॅटरीचा दाब (व्होल्ट) कोसळतो आणि दोष मात्र सर्किटला जातो.

संध्याकाळच्या मंद उजेडात पंखा अर्धवट फिरेल. तेव्हा ट्रान्झिस्टर पुरता उघडत नाही, अर्धा दाब त्याच्यावरच पडतो आणि तो सर्वांत जास्त तापतो. मोटर पूर्ण वेगात असताना तापत नाही, हे मुलांना आधी विचारा, मग हात लावून बघू द्या. (सांभाळून!) एलडीआर पात्याखाली बसवू नका, सावलीनं पंखा थबकत-थबकत चालतो.

एलडीआर आणि प्रीसेट-१ किलोओहमची जोडी यांची अदलाबदल केली की अंधारात फिरणारा पंखा होतो, नवीन काही लागत नाही. आपल्याकडची मुलं उसाला पाणी सोडायचं विचारणारच. एलडीआरच्या जागी मातीत दोन खिळे खोचून ओल दाखवता येईल, पण सेल सतत जोडलेला ठेवला तर धन बाजूचा खिळा झिजत जातो, तेव्हा प्रयोगापुरतंच.

तीस मुलं असतील तर जोडीला एक, असे पंधरा संच पुरे. टीआयपी आणि डायोड वीस-वीस मागवा.

विनायक, खानापूर:

बरं. बीसी ५४७ परत पाठवत नाही, मोटरऐवजी एलईडी पेटवायला पहिल्या दिवशी तेच वापरतो. एलईडीला किती ओहम लावू?

मेधा, मस्कत:

लाल एलईडीला ६ व्होल्टवर ३३० ओहम.