युद्ध संपल्यावर नेव्हीचा पायलट पुढं काय करतो?

होटगीरोडकर: पोरगा अकरावीला आहे, डोक्यात एकच, नेव्हीत पायलट व्हायचं. आपल्या सोलापुरात पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव नायतर उजनी, ह्याला समुद्राचं वेड कुठून लागलं काय की. असो. विचारायचं हे की ७१ च्या पाकिस्तान युद्धात विक्रांत या विमानवाहू जहाजावरून जे उडाले त्यांचं युद्ध तर डिसेंबरातच संपलं, मग पेन्शनपर्यंत हे लोक करतात काय? शेजारचे काका म्हणतात टेबलावर बसवून फायली देतात. खरंय का?

बाळीवेस_बॉय: काकांना सांगा, फायली असतातच पण जहाज पण देतात! ॲडमिरल ताहिलियानी बघा की. १९६१ च्या मे महिन्यात विक्रांतच्या डेकवर सी हॉक हे लढाऊ जेट उतरवणारे पहिले भारतीय तेच, पुढं त्याच विक्रांतचे कॅप्टन झाले, १९८४ ते ८७ नेव्हीचे चीफ आणि नंतर सिक्कीमचे राज्यपाल. दुसरे ॲडमिरल अरुण प्रकाश, त्यांचं तर अजून भारी, ७१ ला ते विक्रांतवर नव्हतेच, एअरफोर्सकडं डेप्युटेशनवर (तात्पुरत्या नेमणुकीवर) होते, हंटर जेट उडवून वीरचक्र मिळवलं. मग सी हॅरियर लढाऊ विमानं आली तेव्हा नेव्हीच्या ३०० नंबर स्क्वाड्रनचे सीओ म्हणजे प्रमुख, पुढं विराट या दुसऱ्या विमानवाहू जहाजाचे कॅप्टन, एनडीएचे (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) कमांडंट, अंदमानच्या तिन्ही दलांच्या कमांडचे पहिले प्रमुख आणि २००४ ला चीफ. विमान सुटलं तरी समुद्र सुटत नाही त्यांचा.

जुना_नौसैनिक: मी विमानांच्या मेंटेनन्सला होतो म्हणून सांगतो. पायलटला जहाज का देतात, तर डेकवरचं उड्डाण निम्मं जहाजाच्या हातात असतं. जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळवून जोरात पळवायचं, म्हणजे डेकवर वारा मिळतो, वरून कॅटापल्टचा, म्हणजे विमान पुढं फेकणाऱ्या यंत्राचा धक्का, तेव्हा कुठं विमान उचलतं. ७१ ला विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेलेले, स्पीड कमी, तरी ४ डिसेंबरपासून सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं कॉक्स बाजार, चितगाव झोडपलं. पाणबुड्या शोधणारी आलीझे विमानं तर मंद प्रोपेलरवाली, ती पण उडत होती. ३०० स्क्वाड्रनचे तेव्हाचे सीओ एस. के. गुप्ता यांना महावीरचक्र मिळालं. पूर्वी तर आधी ब्रिजवर जहाज सांभाळायचं, म्हणजे वॉचकीपिंगचं सर्टिफिकेट मिळवायचं आणि मगच विमान, म्हणून पायलट असला तरी आधी नौसैनिकच.

बाळीवेस_बॉय: होय ओ काका, आणि लोकांना ७१ म्हटलं की फक्त पाकिस्तानची बुडालेली गाझी पाणबुडी आठवते, वैमानिकांचं कोण बोलतच नाही 😒

शेंगाचटणी: सगळं ठीक, पण सगळेच चीफ होत नाहीत ना राव. वर जागा मोजक्याच. बरेच कमांडर-कॅप्टन रँकला बाहेर पडतात, काही एअरलाइनला जातात. पोराला हे पण सांगा, नुसते फोटो दाखवू नका.

होटगीरोडकर: बरोबर आहे तुमचं. पण टेबलावर नाही म्हणता ना, मग काकांना आज गाठतोच 😄 बारावीला काय घ्यायला लावू?

जुना_नौसैनिक: फिजिक्स-मॅथ्स पाहिजेच, एनडीएचा फॉर्म भरा, आता मुलींनाही देता येते परीक्षा. डोळे मात्र आत्ताच तपासून घ्या, फ्लाइंगच्या मेडिकलला त्यातच बरीच पोरं अडकतात. आणि सुट्टीत गोव्याला न्या, आता आपल्याकडून विमान आहे. फक्त ते उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरतं आणि नेव्हीचं विमान म्युझियम बोगमाळोला, दाबोळीजवळ, म्हणजे खाली उतरल्यावर बराच रस्ता आहे. सी हॉक, आलीझे दोन्ही उभी आहेत तिथं, आलीझेचे दुमडलेले पंख नीट बघायला सांगा.