चर्चा : खासगी बंदुका नसत्या तर समाज अधिक सुरक्षित असता का?

केजकर

'कायद्याने सज्जनांच्या हातातील शस्त्र काढून घेतले म्हणून गुंड माजले. घरोघरी बंदूक असती तर कोणाची वाकडी नजर करण्याची छाती झाली नसती,' असे सह्यपुत्र यांनी परवा लिहिले. ते वाचून गप्प राहणे मला शक्य नाही, कारण मी ज्या जिल्ह्यात राहतो तेथे हा प्रयोग होऊन गेला आहे.

९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून निर्घृण हत्या झाली आणि त्यानंतर बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे महाराष्ट्राला कळले. आम्हाला ते आधीच ठाऊक होते. लग्नाच्या पंगतीत पाणी वाढणारा वाकला की समोरच्याच्या सदऱ्याखाली पिस्तुलाची मूठ दिसते, आणि ती दिसावी म्हणूनच सदरा वर सरकवलेला असतो. शेताच्या मोजणीला भूकरमापक येतो तेव्हा एका भावकीच्या कमरेला पिस्तूल असते आणि दुसरीच्या नसते. अशा वेळी गोळी झाडावी लागत नाही, हद्दीचा दगड कोठे बसणार हे न बोलता ठरते. या पिस्तुलांनी कोणत्या सज्जनाचे रक्षण केले, हे मला एकाने तरी सांगावे. ज्यांना खरा धोका होता त्यांच्याकडे परवाना नव्हता आणि ज्यांच्याकडे परवाना होता त्यांच्यापासूनच इतरांना धोका होता. हत्येनंतर प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. म्हणजे मुळात ते देण्यास सबळ कारण नव्हते, हे प्रशासनानेच मान्य केले. खासगी व्यक्तींना पिस्तुलाचा परवाना देणे पूर्णपणे थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सह्यपुत्र

केजकर, आपला संताप मी समजू शकतो, परंतु आपलेच उदाहरण आपल्या विरोधात जाते. देशमुख यांना गोळी घालण्यात आली नाही. त्यांना अमानुष मारहाण करून ठार करण्यात आले. जिल्ह्यातील सगळी पिस्तुले आदल्या दिवशी जमा झाली असती तरी ती हत्या टळली नसती.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर आणि १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या परवान्याच्या शस्त्रातून नव्हेत. आपल्या देशात बंदुकीने होणाऱ्या बहुतांश हत्या बेकायदा शस्त्रांनी होतात. चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातील उमर्टीत गावठी पिस्तुले कित्येक वर्षे तयार होत आहेत, हे खानदेशातील कोणालाही विचारा. परवाने बंद केल्याने तेथील एकही भट्टी विझणार नाही. नि:शस्त्र होईल तो केवळ कायदा पाळणारा.

आणखी एक गोष्ट विसरू नये. भारतीयांना नि:शस्त्र करणारा कायदा ब्रिटिश व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने १८७८ साली आणला. राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला असावा, असे नमूद होते. त्या पिढीला नागरिकावर विश्वास होता. आपण तो गमावला आहे.

कातळसडा

आपण दोघेही पिस्तुलावर भांडत आहात. आमच्या राजापूर-लांज्याकडे बंदूक म्हणजे शेतीरक्षणाची ठासणीची बंदूक, आणि 'समाज नि:शस्त्र करा' म्हणणाऱ्यांच्या तडाख्यात सर्वांत आधी सापडतो तो आमच्यासारखा शेतकरी, म्हणून लिहितो.

नळीत दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे आणि पुन्हा गजाने ठासायचे. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत डुकरांचा कळप डोंगर चढलेला असतो. अशी बंदूक घेऊन कोणी खंडणी मागायला जात नाही. तरीही प्रत्येक निवडणुकीला आम्हाला ती पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, म्हणजे ऐन भात कापणीच्या तोंडावर. वर्षभर बंदूक भिंतीला टांगलेली होती तेव्हा ती चालत होती. ज्या पंधरवड्यात रात्रभर माळ्यावर बसून राखण करावी लागते, नेमकी त्याच पंधरवड्यात ती मालखान्यात गेली. आम्ही पत्र्याचे डबे वाजवत बसलो आणि डुकरांनी लोंबीला आलेले भात लोळवले. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली गोव्यातील शेतीरक्षणाच्या बंदुकांच्या प्रकरणात स्पष्ट केले होते की, शस्त्रे सरसकट जमा करून घेऊ नयेत, छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करावा. प्रत्यक्षात आमच्याकडे यादी येते आणि यादीतील सगळ्यांना एकच नोटीस जाते.

फौजदार (निवृत्त)

कातळसडा, मालखान्यातील बंदुकांच्या नोंदी मी स्वतः ठेवल्या आहेत, म्हणून नाण्याची दुसरी बाजू सांगतो. शेतीरक्षणाचा परवाना पीक राखण्यासाठी असतो, पारधीसाठी नव्हे. शेतात एकही रोप उभे नसताना त्याच बंदुका घेऊन माणसे रात्री रानात शिरतात. झुडूप हलले म्हणून बार काढला आणि पलीकडे आपलाच चुलतभाऊ निघाला, अशा प्रकरणाचा पंचनामा मी केला आहे. त्याच्या खिशात विजेरी होती. जनावर सावध होऊ नये म्हणून त्याने ती विझवली होती. वाडीतील प्रत्येकाला खरे काय ते ठाऊक होते, आणि जबाबात मात्र प्रत्येकाने 'पाय घसरून पडताना बंदूक उडाली' एवढेच सांगितले. ठासणीची बंदूक निरुपद्रवी आहे, असे त्या घरातील विधवेसमोर आपण म्हणू शकाल का?

कातळसडा

फौजदारसाहेब, एका अपघाताच्या आधारे आपण सबंध कोकणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत आहात, आणि याचा मला मनस्वी राग आला आहे. बेकायदा शिकारीला मी कधीही पाठिंबा दिलेला नाही. परंतु बंदूक काढून घेतल्यावर शेतकऱ्याने काय करावे, याचे उत्तर आपल्या खात्याने दिले नाही आणि वन खात्यानेही नाही. नुकसानभरपाईसाठी अर्ज करावा, पंचनाम्याची वाट पाहावी, सातबारावर सहहिस्सेदारांची बारा नावे असतील तर बाराजणांची संमती मिळवावी, आणि त्यांतील निम्मे मुंबईला! अधिकारी बांधावर पोहोचेपर्यंत शेत नांगरून झालेले असते. आमच्या वाडीत सुरण आणि कणगर लावणे लोकांनी सोडून दिले आहे. समाजाची सुरक्षितता मोजताना ज्या जमिनी ओसाड पडल्या त्या कोणत्या रकान्यात धरणार?

जिज्ञासा

रानडुकराचा प्रश्न खरा आहे, परंतु मूळ प्रश्न त्याखाली गाडला जात आहे.

'ज्याला मारायचे आहे तो कोयत्यानेही मारील' हे सह्यपुत्र यांच्या युक्तिवादाचे सार आहे. कोयता घेऊन येणाऱ्याला जवळ यावे लागते, त्याला अडवता येते, त्याच्यापासून पळता येते, आणि त्या काही क्षणांत त्याचा स्वतःचा हात थबकू शकतो. पिस्तुलात हे काहीच उरत नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, एका आमदाराने राजकीय प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्या. त्याच आठवड्यात, ८ फेब्रुवारीला, बोरिवली-दहिसर भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपणात हत्या झाली आणि मारेकऱ्याने स्वतःचेही जीवन संपवले; ते पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचे होते. यांपैकी कोणीही उमर्टीला गेले नव्हते.

साधन हाताशी असणे हीच निम्मी घटना असते, हे आपल्याला विदर्भातील कीटकनाशकाच्या डब्यांनी शिकवायला हवे होते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तेथील आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. माणसांची दुःखे नाहीशी झाली नव्हती. हाताशी असलेले विष नाहीसे झाले होते.

परदेशस्थ

मी अमेरिकेत राहतो आणि माझी मुलगी पहिलीत आहे. वर्गाचा दिवा मालवून, दारापासून दूरच्या भिंतीशी बसून, अजिबात आवाज न करण्याचा सराव तिच्या शाळेत होतो. घरी येऊन तिने मला विचारले की शिंक आली तर काय करायचे. सह्यपुत्र, घरोघरी बंदूक असलेला समाज हा असा असतो.

२४ मे २०२२ रोजी टेक्ससमधील युवाल्डी येथे १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा सशस्त्र पोलीस शाळेत शिरले होते, तरी हल्लेखोराला रोखण्यास त्यांना एक तासाहून अधिक वेळ लागला. 'चांगल्या माणसाच्या हातातील बंदूक' शेकड्यांनी जमली होती. येथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, म्हणजे घराच्या रक्षणासाठी आणलेली बंदूक बहुधा घरच्याच माणसावर चालते. ऑस्ट्रेलियाने १९९६ साली पोर्ट आर्थरच्या हत्याकांडात ३५ जण गेल्यावर सहा लाखांहून अधिक बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. तेथे शेतकऱ्याला गरजेपुरती बंदूक आजही मिळते.

सह्यपुत्र

अमेरिकेसारखी खुली विक्री भारतात व्हावी, असे माझे म्हणणे नव्हते. तरीही 'घरोघरी' हा माझा शब्द येथे सर्वांना एवढा खुपत असेल तर तो बाजूला ठेवू. आमदाराला आणि अंगरक्षकाला परवाना देताना चौकशी कोणी केली, हा प्रश्नही रास्त आहे, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. परंतु परवाना चुकीच्या माणसाला मिळतो म्हणून योग्य माणसालाही तो नाकारावा, हे मला पटणार नाही. जपानइतके कडक कायदे क्वचितच कोठे असतील. तरी ८ जुलै २०२२ रोजी तेथील माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना घरी बनवलेल्या बंदुकीने मारण्यात आले.

केजकर

जपानमध्ये अशी एक घटना घडली म्हणून ती आपल्याला तारखेसह आठवते. आमच्याकडे वाढदिवसाला हवेत गोळ्या झाडल्याच्या चित्रफिती एकामागून एक येतात. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, परंतु चित्रफीत गाजल्याशिवाय गुन्हा दाखल होत नाही.

कातळसडा यांचे म्हणणे मला मान्य आहे. शेतीरक्षणाची लांब नळीची बंदूक आणि कमरेचे पिस्तूल यांना एकच नियम लावणे अन्याय्य आहे, आणि फौजदारांचा अनुभव ऐकूनही माझे हे मत कायम आहे. पिस्तुलाच्या परवान्याबाबत मात्र मी मागे हटणार नाही. बंदी येईपर्यंत निदान एवढे करावे : प्रत्येक परवानाधारकाचे नाव, त्याला परवाना कोणत्या कारणाने मिळाला आणि त्याच्यावर कोणते गुन्हे आहेत, याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि नूतनीकरणापूर्वी ती ग्रामसभेत वाचून दाखवावी.

फौजदार (निवृत्त)

यादीमुळे कोणत्या घरात शस्त्र आहे हे चोरालाही कळेल, त्यामुळे फलकाला माझा विरोध आहे. ग्रामसभेतील वाचनाला नाही.

कातळसडा

ज्या ग्रामसभेत पिस्तूलवाला स्वतः पहिल्या रांगेत बसलेला असेल, तेथे त्याच्या नावावर हरकत घेण्यासाठी उभे कोण राहणार, हे केजकरांनी आधी सांगावे.