चिकनची चौकट आणि क्यूबाचे तेरा दिवस

दोनबायदोन

गेम थिअरी शिकवताना क्यूबाचा १९६२चा पेच (सोव्हिएत संघाने क्यूबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं आणली आणि अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी व सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह समोरासमोर ठाकले) हमखास 'चिकन' या खेळाचं उदाहरण म्हणून येतो. (समोरासमोर भरधाव येणाऱ्या दोन गाड्या, आधी वळेल तो भित्रा. कोंबडीच्या रश्श्याशी संबंध नाही.) नेहमीचा तक्ता असा: दोघांनी माघार घेतली तर ३-३, एक अडून राहिला आणि दुसऱ्याने माघार घेतली तर ४-२, दोघेही अडले तर १-१, म्हणजे युद्ध.

यावर तीन शंका आहेत.

१. या आकड्यांवर मिश्र नॅश समतोल (दोघेही आपली चाल ठरावीक शक्यतेने निवडतात आणि एकट्याने बदल करून कोणाचाच फायदा होत नाही, अशी स्थिती) काढला की दोघेही निम्म्या वेळा अडतात, म्हणजे युद्धाची शक्यता २५ टक्के. केनेडींनी नंतर ही शक्यता 'तिनात एक ते निम्मी' इतकी धरली होती, असं त्यांचे सहकारी सोरेन्सन यांनी लिहून ठेवलंय. आकडे इतके जवळ कसे?

२. अणुयुद्ध दोघांनाही नको, हे दोघांनाही ठाऊक. मग धमकीवर कोणी विश्वास का ठेवावा?

३. केनेडींनी हवाई हल्ला सोडून क्यूबाची समुद्री नाकेबंदी निवडली, यात खरंच असा विचार होता की ही सगळी नंतरची कारागिरी?

---

शून्यबेरीज

पहिल्याचं उत्तर: निव्वळ योगायोग.

४, ३, २, १ हे क्रमांक आहेत, किमती नाहीत. पहिला आणि दुसरा यांच्यात किती गुणांचं अंतर होतं ते नंबरावरून कळत नाही. मिश्र समतोल मात्र त्या अंतरावरच चालतो. त्यामुळे क्रमांकांवरून काढलेल्या २५ टक्क्यांना काही अर्थ नाही. किमती घालून बघा: दोघांची माघार ०, एकटा अडला तर त्याला +१, माघार घेणाऱ्याला −१, युद्ध दोघांना −१०. समोरचा माघार घेण्याची शक्यता 'प' धरली, तर माघार आणि अडणं मला सारखंच वाटण्याची अट अशी:

−१ × (१ − प) = प − १० × (१ − प)

यातून प = ०.९. प्रत्येक जण १० टक्के वेळा अडतो, युद्धाची शक्यता १ टक्का. युद्धाची किंमत −१०० केली की प = ०.९९, आणि युद्धाची शक्यता दहा हजारात एक. २५ टक्के, १ टक्का की दहा हजारात एक, हे तुम्ही कोपऱ्यातल्या चौकोनात काय लिहिलंत त्यावर ठरलं. इतिहासाचा त्यात काही हात नाही.

आणखी एक खड्डा आहे, त्यात बरेच जण पडतात. वरचं समीकरण माझ्या नफ्यातोट्याचं आहे, पण त्यातून निघाली ती समोरच्याची वागणूक. म्हणून फक्त ख्रुश्चेव्हचं नुकसान −१० वरून −१०० केलं, तर ख्रुश्चेव्ह बदलत नाही. केनेडी ९० ऐवजी ९९ टक्के वेळा माघार घ्यायला लागतात! ज्याचं जास्त जळणार, त्याच्यासमोर दुसरा नरमतो. प्रत्यक्षातल्या कुठल्याही नेत्याला हे सांगून बघा.

म्हणून या खेळात मिश्र समतोल बाजूला ठेवावा. शुद्ध समतोल (प्रत्येकाची चाल एकच आणि पक्की) दोन आहेत: मी अडतो-तू सरतोस, किंवा तू अडतोस-मी सरतो. दोन्हींपैकी कोणता, हे तक्ता सांगत नाही. ते तक्त्याबाहेर ठरतं: पहिली चाल कोणाची, स्वतःचे हात कोणी बांधून घेतले, आणि आत्ता जागेवर कोण बसलंय. खरा अभ्यास तिथून सुरू होतो.

---

नॉटिकल_नाना

दुसरी आणि तिसरी शंका एकाच धाग्यात ओवता येतात.

थॉमस शेलिंगने (२००५चं अर्थशास्त्राचं नोबेल) 'मी बटण दाबीन' ही धमकीच मोडीत काढली, कारण ती खोटी वाटते. त्याची धमकी अशी: मी अशी परिस्थिती निर्माण करीन की जिच्यावर माझाही पूर्ण ताबा राहणार नाही. युद्ध सुरू करणं वेडेपणाचं, पण युद्धाची थोडी शक्यता रोज सोसणं माणसं प्रत्यक्षात करतात. म्हणजे चाल अडण्याची किंवा सरण्याची नसते, जोखमीचा नळ किती उघडायचा याची असते.

आता पर्याय बघा. १४ ऑक्टोबरला यू-२ या अमेरिकी हेरगिरी विमानाने क्यूबातल्या क्षेपणास्त्रांचे फोटो काढले, १६ला सकाळी ते केनेडींसमोर आले. हवाई हल्ल्याबद्दल २१ तारखेला हवाई दलाच्या जनरल स्वीनींनी स्पष्ट सांगितलं की उत्तम कामगिरी झाली तरी माहीत असलेल्या क्षेपणास्त्रांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास नष्ट होतील, सगळी नाहीत. शिवाय हल्ल्यात सोव्हिएत सैनिक मरणारच. म्हणजे नळ एका झटक्यात पूर्ण उघडा, आणि पुढची चाल प्रत्युत्तर द्यायचं की नाही एवढीच, तीही अपमानित झालेल्या ख्रुश्चेव्हकडे.

नाकेबंदी उलट्या बाजूने चालते. २४ तारखेला सकाळी १० वाजता ती लागू झाली. त्यानंतर काही केलं नाही तर काही घडत नाही. घडवायचं तर सोव्हिएत जहाजाला रेषा ओलांडावी लागते. टक्कर टाळण्याची शेवटची संधी समोरच्याच्या हातात देणं, हा या खेळातला सगळ्यात बळकट डाव. नावही जपून निवडलं: 'ब्लॉकेड' ही आंतरराष्ट्रीय कायद्यात युद्धाची कृती, म्हणून 'क्वारंटीन'. २३ तारखेला अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेचा ठरावही पदरात पाडून घेतला.

समुद्रावरचा तपशील तर आणखी बोलका आहे. २५ला 'बुखारेस्ट' हा सोव्हिएत तेलवाहू टँकर न अडवता जाऊ दिला. पहिली झडती २६ला 'मारुक्ला'ची: लेबनॉनचा झेंडा, सोव्हिएत भाड्यावर. तिच्यावर क्षेपणास्त्रं नसणार हे जवळपास उघड होतं. नियम लागू आहे हे दाखवायचं, पण सोव्हिएत खलाशाच्या अंगाला हात लावायचा नाही, यासाठी याहून स्वस्त जहाज मिळालं नसतं.

पण नळाला गळती होती. क्यूबाजवळ आलेल्या चार सोव्हिएत डिझेल पाणबुड्यांवर प्रत्येकी एक अण्वस्त्रधारी टॉर्पेडो होता आणि वॉशिंग्टनला याचा पत्ता नव्हता. पाणबुडीला वर येण्याची खूण म्हणून छोटे स्फोट करण्याची पद्धत अमेरिकेने मॉस्कोला कळवली. कप्तानांपर्यंत ती पोचलीच नाही. २७ तारखेला बी-५९ पाणबुडीवर काय बोलणं झालं याची वर्णनं आपसांत जुळत नाहीत, त्यामुळे 'तीन चाव्या, दोघांचा होकार, एकाचा नकार' ही टॉर्पेडो सोडण्याबद्दलची गोष्ट चवीपुरतीच घ्या. नकार देणारा म्हणून ज्याचं नाव घेतात तो अधिकारी वासिली आर्खिपोव्ह त्या पाणबुडीवर होता आणि टॉर्पेडो सुटला नाही, इतकं पक्कं.

---

दोनबायदोन

नळाची कल्पना पटली. पण तो किती उघडणं परवडतं, याचा काही हिशेब मांडता येतो का?

---

शून्यबेरीज

येतो. वरच्याच किमती घ्या: आत्ता माघार −१, समोरचा नमला तर +१, युद्ध −१००. आणखी एक दिवस थांबलो तर युद्धाची शक्यता 'ज', आणि युद्ध नाही झालं तर समोरचा नमण्याची शक्यता 'श'. नाही नमला तर उद्या मी माघार घेतो. थांबणं परवडण्याची अट:

ज < २श ÷ (९९ + २श)

श = ०.५ असेल तर दिवसाला १ टक्क्यापर्यंत जोखीम परवडते. श = ०.१ असेल तर ०.२ टक्केच. म्हणजे समोरचा नमण्याची चिन्हं कमी झाली की नळही लगेच बंद करायला हवा. नेते नेमकं उलटं करतात: तो नमत नाही म्हणून आणखी उघडतात.

दुसरं, 'दिवसाला फक्त एक टक्का' ऐकायला किरकोळ वाटतं. तेरा दिवसांत ते १ − ०.९९^१३, म्हणजे सुमारे १२ टक्के होतं. रोजचे २ टक्के धरले तर सुमारे २३.

सूत्राची खरी अडचण 'ज' मध्ये आहे. नेता आपल्या अंदाजाचा 'ज' घालतो, घडतं ते खऱ्या 'ज'प्रमाणे. क्यूबात सोव्हिएत सैनिक १०,००० च्या आसपास असतील असा अमेरिकी अंदाज होता. निघाले ४०,००० हून जास्त. किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैन्यावर वापरण्याजोगी लहान पल्ल्याची अण्वस्त्रं तिथे पोचलेली होती, हे तर अनेक वर्षांनी बाहेर आलं. आक्रमणाचा आग्रह धरणारे सल्लागार चुकीच्या 'ज'वर अचूक गणित करत होते.

---

उलटतपासणी

वरचं सगळं मान्य, तरी या प्रसंगाला चिकन म्हणायला माझा विरोध आहे. 'केनेडी अडले, ख्रुश्चेव्ह वळला' हा शेवटच मुळात अर्धा आहे.

२७ तारखेच्या रात्री अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिनला सांगितलं: क्यूबावर आक्रमण करणार नाही हे जाहीर, तुर्कस्तानातली अमेरिकेची अण्वस्त्रधारी ज्युपिटर क्षेपणास्त्रंही निघतील, पण हे गुप्त. तुर्कस्तानात ज्युपिटर १५ होती, एप्रिल १९६३ पर्यंत ती हलली. एक्सकॉमच्या (केनेडींचं या पेचासाठीचं सल्लागार मंडळ) बऱ्याच सदस्यांनाही हा सौदा माहीत नव्हता. दोघेही थोडे वळले. एक उजेडात, दुसरा अंधारात. तक्त्यातल्या ४-२च्या चौकोनाचा बोर्ड लावला होता, आत माल ३-३चा होता.

हे शक्य झालं कारण किंमत दोन चलनांत होती. लष्करी चलनात ज्युपिटर कवडीमोल: द्रव इंधन, उघड्यावर उभी, पहिल्याच हल्ल्यात जाणारी; पोलारिस क्षेपणास्त्रांच्या पाणबुड्या त्यांचं काम करणारच होत्या. पण नाटोतल्या मित्रांसमोर त्यांची किंमत मोठी, कारण दबावाखाली मित्राची शस्त्रं सोडली असं दिसलं असतं. ख्रुश्चेव्हला क्षेपणास्त्रं हललेली हवी होती, केनेडींना ती हलताना कोणी बघायला नको होतं. दोन बाय दोनच्या चौकटीत एकच आकडा लिहायची सोय असल्याने हा सौदा तिच्यात दिसतच नाही. आणि तेवढं पुरलं नसतं तर? केनेडींचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी १९८७मध्ये उघड केलं की संयुक्त राष्ट्रांचे प्रमुख ऊ थांट यांच्या तोंडून हीच अदलाबदल जाहीरपणे सुचवून घेण्याची तयारी केनेडींनी करून ठेवली होती. अडून राहिलेल्या माणसाची ही लक्षणं नव्हेत.

आणि 'हात बांधून घेण्या'चं फार कौतुक नको. यू-२ पाडलं तर त्या विमानविरोधी तळावर हल्ला करायचा, असं एक्सकॉमने २३ तारखेलाच ठरवलं होतं. २७ला यू-२ पडलं, मेजर रुडॉल्फ अँडरसन ठार झाले, आणि केनेडींनी ठरलेला हल्ला थांबवला. क्षेपणास्त्र क्यूबातल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनी मॉस्कोला न विचारता सोडलं होतं. केनेडींना हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता, पण त्या शक्यतेला जागा त्यांनी ठेवली. समोरच्याची प्रत्येक हालचाल समोरच्या नेत्याचाच निर्णय आहे असं धरून बांधलेला नियम आपल्यालाच फास लावतो.

जाता जाता: तेरा दिवस हा शीर्षकापुरता आकडा आहे. क्यूबातल्या सोव्हिएत इल-२८ बाँबर विमानांवरून घासाघीस चालूच राहिली आणि नाकेबंदी उठली २० नोव्हेंबरला. कॅस्ट्रोने जमिनीवर तपासणी करू दिली नाही, म्हणून परतीच्या जहाजांच्या डेकवर ताडपत्री काढून क्षेपणास्त्रं मोजावी लागली. हा तिसरा खेळाडू तक्त्यात कुठे बसवणार?

---

घाटपायथा

हीच चौकट भारत-पाकिस्तानला लावायची सवय आपल्याकडे आहे, म्हणून दोन गोष्टी.

१९९९मध्ये कारगिलला पर्याय 'अडणं' आणि 'सरणं' असे दोन नव्हतेच. २६ मेपासून हवाई दल वापरलं, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा आदेश होता. याची लष्करी किंमत मोठी होती. पण त्यामुळे जोखमीला जगाला दिसेल अशी कड मिळाली, आणि रेषा कोणी ओलांडली याबद्दल वाद उरला नाही. ४ जुलैला वॉशिंग्टनमध्ये नवाझ शरीफांवर माघारीचा दबाव आला त्यात याचा वाटा होता. शिडीला पायऱ्या असतात; कोणत्या पायरीवर थांबायचं हे आधी आणि उघड ठरवणं हीच चाल.

दुसरी गोष्ट गळतीची. २००५च्या करारानुसार दोन्ही देश बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची किमान तीन दिवस आधी सूचना देतात. प्रक्षेपणाची जागा सीमेपासून ४० किलोमीटरच्या आत नको, पडण्याची जागा ७५च्या आत नको. क्रूझ क्षेपणास्त्रं या करारात नाहीत. ९ मार्च २०२२ला भारताकडून चुकून सुटलेलं क्षेपणास्त्र पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं, ते क्रूझ जातीचं ब्राह्मोस. त्यावर स्फोटक नव्हतं. भारताचं अधिकृत निवेदन आलं ११ तारखेला. ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढलं. पाकिस्तानने प्रत्युत्तर दिलं नाही, आणि सीमा तेव्हा शांत होती हा त्यातला मोठा भाग. तेच क्षेपणास्त्र फेब्रुवारी २०१९मध्ये बालाकोटनंतरच्या दोन दिवसांत सुटलं असतं तर वरच्या सूत्रातला 'ज' काय धरायचा, ते शून्यबेरीज यांनी सांगावं.

---

दोनबायदोन

मग हॉटलाइन असली की हा 'ज' खाली येतो का?

---

नॉटिकल_नाना

गैरसमजातून येणारा भाग येतो. पाणबुडीच्या कप्तानाला काय वाटतंय तो नाही.

१९६२ची स्थिती बघा. २६ ऑक्टोबरचं ख्रुश्चेव्हचं लांबलचक पत्र मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासातून तुकड्या-तुकड्यांनी गेलं, शेवटचा तुकडा वॉशिंग्टनला पोचेपर्यंत अकरा-बारा तास लोटले. दोब्रिनिनच्या आठवणीनुसार त्याचे सांकेतिक संदेश वेस्टर्न युनियनचा सायकलवरचा पोऱ्या दूतावासातून घेऊन जायचा. २८ला ख्रुश्चेव्हने होकार थेट रेडिओ मॉस्कोवरून वाचून घेतला, कारण त्याहून जलद दुसरा मार्ग नव्हता.

हॉटलाइनचा करार २० जून १९६३ला झाला, ३० ऑगस्टला ती सुरू झाली. चित्रपटांत दिसतो तो लाल फोन तिथे कधीच नव्हता. टेलिप्रिंटर होता, आणि तो मुद्दाम: बोलताना आवाज चढतो, दुभाषा घाईत चुकतो, कागदावर आलेला मजकूर मूळ भाषेत दोनदा वाचता येतो. इकडून इंग्रजीत जायचं, तिकडून रशियनमध्ये यायचं, आणि भाषांतर ज्याने त्याने आपल्या बाजूला करायचं.