संगणकात मेंदू ‘बिघडवून’ पाहण्याने नेमके काय कळते?

दादरकर :
माझी आत्या आयुष्यभर दादरच्या बाजारातून स्वतः पारखून मासळी आणत असे. आजाराच्या सुरुवातीला तिला हलवा आणि पापलेट यांतला फरक सांगता येईना. पुढे दोन्हींना ती नुसते ‘मासे’ म्हणू लागली आणि शेवटी ताटातल्या तुकडीकडे बोट दाखवून ‘हे’ एवढेच म्हणे. गंमत अशी की, घरचा रस्ता ती कधी चुकली नाही, काल कोण येऊन गेले हेही तिला आठवे आणि वाक्येही सरळ असत. निदान झाले सिमँटिक डिमेन्शियाचे, म्हणजे शब्दांचे आणि वस्तूंचे अर्थच हळूहळू पुसत जाणाऱ्या आजाराचे. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी १९७५ मध्ये ज्यांचे बारकाईने वर्णन केले, ते रुग्ण याच प्रकारचे.

बारीक ज्ञान आधी जाते आणि ढोबळ मागे राहते, हा क्रम कशामुळे? कॉलिन्स आणि क्विलियन या संशोधकांनी १९६९ मध्ये ज्ञानाची मांडणी वंशवृक्षासारखी कल्पिली होती : प्राणी, त्याखाली पक्षी, त्याखाली कॅनरी. रुमेलहार्ट यांचे न्यूरल नेटवर्क (मेंदूतल्या पेशींच्या जोडण्यांच्या धर्तीवर संगणकात बांधलेले जाळे) आणि त्यावर रॉजर्स व मॅक्लेलँड यांनी २००४ पर्यंत केलेले काम पाहिले, तर असा वृक्ष आत कुठेही काढून ठेवलेला नाही. नेटवर्क फक्त उदाहरणांवरून शिकते. तरीही ते आधी प्राणी आणि वनस्पती वेगळे करते, मग पक्षी आणि मासे, आणि जोडण्या बिघडवल्या की उलट क्रमाने विसरते. हा क्रम कोणी त्यात लिहून ठेवलेला नव्हता. म्हणून माझे मत असे की, संकल्पनांच्या अभ्यासात संगणकीय मॉडेल ही चैन नसून गरज आहे.

मुलुंडचे मास्तर :
दादरकर, आत्याबद्दल वाचून वाईट वाटले, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. मी अभियांत्रिकीच्या मुलांना हीच नेटवर्क शिकवतो, त्यामुळे त्यांचे कौतुक थोडे कमीच आहे. सजीव-निर्जीव वस्तूंचे ज्ञान मेंदूत कसे बिघडते हे दाखवणारे फारा आणि मॅक्लेलँड यांचे १९९१ चे गाजलेले मॉडेल घ्या. सजीव वस्तूंच्या ज्ञानात दिसणाऱ्या आणि उपयोगाच्या गुणधर्मांचे प्रमाण ७.७ : १, तर निर्जीवांत १.४ : १ असे त्यांनी धरले. हे आकडे आले कुठून? शब्दकोशातल्या व्याख्या लोकांना देऊन त्यांतले दिसण्याचे आणि उपयोगाचे शब्द अधोरेखित करून घेतले, तेथून. म्हणजे आडातले होते तेच पोहऱ्यात आले. आपली कोळीण कल्ला उचलून आतला रंग पाहते आणि बोटाने दाबून मांस किती घट्ट आहे ते ओळखते. इंग्रजी कोशातल्या दोन ओळींत हे ज्ञान कुठे आहे?

परळची वाचोपचारतज्ज्ञ :
मास्तर, आकड्यांबाबत आपण बरोबर आहात, पोहऱ्याबाबत नाही. त्याच मॉडेलमध्ये केवळ ‘दिसण्याचे’ घटक बिघडवले, तेव्हा प्राण्यांच्या ‘उपयोगाचे’ ज्ञानही ढासळले, कारण उरलेल्या थोड्या घटकांना एकमेकांचा आधार पुरला नाही. हे कोणी भरवले नव्हते. अर्थात कारामाझा आणि शेल्टन यांनी १९९८ मध्ये या सगळ्या मांडणीलाच विरोध केला आणि सजीवांसाठी मेंदूत उत्क्रांतीनेच वेगळी व्यवस्था घडवली असावी, असे म्हटले. तो वाद मिटलेला नाही.

माझी तक्रार निराळीच आहे. तपासणीच्या परदेशी चित्रसंचातला बीव्हर हा प्राणी दाखवल्यावर गिरणगावातले आजोबा गप्प बसतात, तेव्हा ते विसरले की त्यांना तो कधी ठाऊकच नव्हता, हे मला कळत नाही.

दादरकर :
मास्तर, एक उदाहरण देतो. रंग, आवाज, स्पर्श, शब्द यांच्या मेंदूतल्या वाटा वेगवेगळ्या, पण टेम्पोरल लोबच्या (मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या) पुढच्या टोकाला त्या सगळ्या एकत्र येतात, असे कॅरलिन पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडले. पश्चिम आणि मध्य रेल्वेसाठी दादर स्थानक आहे, तसे. दादर बंद पडले तर दोन्हीकडच्या गाड्या धावतील, पण गाडी बदलता येणार नाही. अशाच आजारातल्या एका रुग्णाने बदकाचे चित्र पाहून, थोड्या वेळाने आठवणीतून काढताना त्याला चार पाय काढले होते. बदकाचा खास तपशील गेला आणि ‘प्राणी’ तेवढा उरला.

मुलुंडचे मास्तर :
दादर बंद असले की मुंबईकर परळ-प्रभादेवीचा पूल चढतो, हे आपण विसरलात! मेंदूशास्त्रज्ञ अँतोनियो दामासिओ यांनी १९८९ मध्ये अशा जोडण्याच्या जागा एक नव्हे, अनेक मानल्या होत्या. एकच केंद्र गृहीत धरून मॉडेल बांधायचे आणि ते रुग्णासारखे वागले की केंद्र सिद्ध झाले म्हणायचे, हे मला पटत नाही. एकाच वागणुकीच्या मागे दहा प्रकारची यंत्रे असू शकतात.

दादरकर :
म्हणूनच तर भाकीत महत्त्वाचे. केंद्र खरेच तिथे असेल, तर निरोगी माणसातही तो भाग क्षणभर अडवल्यास अर्थ लावण्याचे काम मंदावले पाहिजे. कवटीबाहेरून चुंबकीय स्पंदने देऊन मँचेस्टरच्या गटाने हे करून पाहिले. अर्थाचे काम मंदावले, तेवढ्याच अवघड आकड्यांच्या कामाला फरक पडला नाही. तुमचा परळचा पूल यामुळे नाहीसा होत नाही, हे मी मान्य करतो. पण त्या पुलाचेही मॉडेल बांधा, म्हणजे त्यालाही असेच अडवून पाहता येईल.

मुलुंडचे मास्तर :
बांधू. मात्र त्यात गुणधर्म मराठी माणसांनी मराठीत सांगितलेले असावेत, एवढी माझी अट.

परळची वाचोपचारतज्ज्ञ :
मी काल घरीच सुरुवात केली. आईला ‘पापलेट’ लिहून दिले आणि सुचेल ते लिही म्हटले. तिने सर्वांत आधी लिहिले, ‘काटे कमी, म्हणून मुलांना देता येते.’ हे दिसण्यात घालायचे की उपयोगात, ते मास्तरांनी सांगावे.