मदत हवी आहे : खेळण्यातील जुन्या गाड्या आणि अंतराळ-संच कसे जपावेत?

सर्वांना नमस्कार. पंचवटीतील आमच्या जुन्या घराची आवराआवर करताना मामांची पत्र्याची पेटी सापडली. तिच्यात लेस्नी या ब्रिटिश कंपनीच्या मॅचबॉक्स नावाच्या सात छोट्या धातूच्या गाड्या, डिंकी या ब्रिटिश खेळण्यांच्या साच्यांवरून कोलकात्यात तयार झालेली निकी टॉईजची एक मोटार आणि लेगोचा निळ्या-करड्या रंगाचा अंतराळ-संच आहे. गाड्यांच्या तळावर लेस्नीचे नाव असल्याने त्या १९८२ मध्ये कंपनीचे दिवाळे निघण्यापूर्वीच्या असाव्यात.

खरी चिंता मोटारीची आहे. अशा गाड्या ज्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, त्यात शिशाची भेसळ असली, की दमट हवेत तो आतून भुसभुशीत होत जातो, हे मला ठाऊक आहे; मात्र दारापाशी दिसणारी बारीक रेघ ही त्या ऱ्हासाची सुरुवात आहे की केवळ रंगाला गेलेला तडा, हे भिंगातून पाहूनही मला ठरवता येत नाही. आपण हे कसे ओळखता? नाशिकच्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डबा पुरेल, की हवा खेळती ठेवावी?

लेगोचे करडे ठोकळे पिवळट पडले आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांनी पिवळेपणा जातो खरा, पण चिन्ह छापलेल्या ठोकळ्यांवर कोणी हा प्रयोग केला आहे का? छपाई टिकली का?

घरच्यांना गाड्या नव्याने रंगवून हव्या आहेत. मला ते मुळीच पटत नाही. मूळ रंग, अगदी पोपडे निघालेला असला तरी, राहू द्यावा असे वाटते. नाशिक परिसरात अशा वस्तू प्रत्यक्ष पाहून सांगणारे कोणी जाणकार असल्यास कृपया कळवावे.